थायरॉइडची गोळी, त्रिफळा आणि ‘पंधरा दिवसांत सात किलो’

प्रश्न : माझं वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. सहा वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. सकाळी सहाला गोळी घेते आणि लगेच गरम पाण्यात मध, लिंबू आणि चमचाभर त्रिफळा. मध्यंतरी मैत्रिणीने ऑनलाइन मागवलेली ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पावडर घेतली. डब्यावर पंधरा दिवसांत सात किलो असं होतं. वीस दिवसांत चार किलो उतरले, पण भूकच लागेना, झोप उडाली, छातीत धडधड, रोज चार-पाच वेळा पातळ शौच. बंद केल्यावर महिन्यात वजन जिथल्या तिथे. आता नणंदबाई मेदोहर गुग्गुळ आणि रोज सकाळी दुधीचा कच्चा रस घ्यायला सांगतात. कुणी गुळवेलही सुचवते. घरात चार माणसं, महिन्याला पाच लिटर तेल लागतं, माझा चहा चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. तीन महिन्यांत दहा किलो कमी करायचेत. यातलं काय, किती आणि कशाबरोबर घेऊ? माझी १७ वर्षांची मुलगीही माझ्याबरोबर सुरू करते म्हणते, तिला चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, नमस्कार.

पत्रात तुम्ही आकडे दिलेत, तेलाचे लिटरसुद्धा, त्यामुळे उत्तर नेमकं देता येतं. आधी काय थांबवायचं ते सांगतो, मग कशाची वेळ बदलायची, आणि मग काय घ्यायचं. हा क्रम मोडून चौथं औषध पहिल्या तिनांवर चढवलं, तर कशाने गुण आला आणि कशाने त्रास झाला हे तुम्हाला कळणार नाही आणि तुमच्या वैद्यांनाही नाही.

त्या पावडरीपासून सुरुवात करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. वीस दिवसांत चार किलो चरबीच गेली असं धरलं, तर रोज दीड हजारांहून जास्त कॅलरींची तूट पडायला हवी. तुमच्या वयाच्या, वजनाच्या, घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा एकूण खर्चच अठराशे-दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे जवळजवळ कडक उपासच. भूक मेल्यामुळे खाणं घटलं तेवढी थोडी चरबी गेली असेल, बाकीचं होतं आतड्यातला मळ आणि शरीरातलं पाणी. म्हणून तर महिन्यात परत आलं.

चार-पाच वेळा शौचाला लावणारी वजनाची पावडर म्हटलं की पहिला संशय सोनामुखीचा. ही पानं बद्धकोष्ठावर चांगलं औषध आहेत, चार-सहा दिवसांपुरती. आठवडे-महिने घेतली की पोटॅशियम घटतं, पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, आणि पुढे त्यांच्याशिवाय पोट साफ होईनासं होतं. भूक एकाएकी मरणं, झोप उडणं आणि धडधड या सगळ्यांचा उलगडा मात्र एकट्या सोनामुखीने होत नाही. ही लक्षणं सिब्युट्रामिनशी जुळतात. भूक मारणारं हे ॲलोपॅथिक औषध. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर अमेरिकेतून २०१० मध्ये ते मागे घेतलं गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. पण जगभर ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्या-पावडरींत ते पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे, लेबलवर नाव न घालता. तुमच्या डब्यात तेच होतं असं प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय कुणीच म्हणू शकत नाही. पण थायरॉइडच्या गोळीवर असलेल्या माणसाने असली धडधड पुन्हा ओढवून घेऊ नये. डबा शिल्लक असेल तर फेकू नका. घेऊन तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, त्यांना नमुना लागतो.

आणखी एक. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं आपल्याकडे कायद्यानेच मना आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या आजारांच्या यादीत लठ्ठपणा आहे. तेव्हा ‘पंधरा दिवसांत सात किलो’ छापणारा माणूस पहिल्या ओळीतच कायदा मोडतोय. आत काय भरलंय याबद्दल तो खरं बोलेल असं समजायला काही आधार नाही.

दुधीचा कच्चा रसही नको. काकडी-दुधीच्या कुळात कधी कधी कुकरबिटासिन नावाचं कडू विष वाढतं. वेल ताणात वाढला, पाणी कमी पडलं, फळ जून झालं किंवा फार दिवस ठेवलं की प्रमाण जास्त. असा कडू रस पोटात गेला की अर्ध्या-एक तासात उलट्या, जुलाब, पोटात पिळवटा, काहींना रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब कोसळतो. यावर उतारा नाही, फक्त इस्पितळात सलाइन आणि देखरेख. देशात यातून मृत्यू झालेले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. गंमत अशी की आरोग्यासाठी प्यायचं म्हटलं की कडू लागलं तरी माणूस नेटाने संपवतो. गुण कडवटपणात असतो ही समजूत इथे जिवावर बेतते. दुधी हवी तर भाजी करा, मूगडाळ घालून करा. चिरताना तुकडा जिभेला लावून बघा. कडू असेल तर शिजवूनही उपयोग नाही, टाकून द्या.

गुळवेल तुमच्यासाठी मी टाळेन. आयुर्वेदाच्या ग्रंथात स्थौल्यावर, म्हणजे लठ्ठपणावर, गुळवेल आणि नागरमोथा एकत्र सांगितले आहेत, हे खरं. पण करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताला सूज येऊन कावीळ झाली, आणि २०२१ मध्ये तिथल्या यकृततज्ज्ञांनी ते प्रसिद्ध केलं. आजाराची तऱ्हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशी होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खात्री केलेली नाही. वाद बाजूला ठेवू. थायरॉइड मंदावण्याचं एक मोठं कारणही प्रतिकारशक्तीचा असाच उलटा मारा असतो. तुमचा थायरॉइड त्यातला आहे की नाही हे पत्रावरून कळत नाही, आणि वजनासाठी गुळवेलीवाचून काही अडत नाही. मग कशाला?

आता सकाळची गोळी. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काहीही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. तुम्ही तिच्यामागोमाग मध, लिंबू आणि त्रिफळा घेता. त्रिफळ्यात तंतू आहेत, तुरट द्रव्यं भरपूर आहेत, ती गोळीचं शोषण अडवू शकतात. वर पोट लवकर साफ झालं की गोळीला आतड्यात राहायला वेळ कमी मिळतो. ७५ ची गोळी गिळून अंगी तेवढी लागत नसेल, तर थकवा, बद्धकोष्ठ, अंगावर सूज आणि वाढतं वजन हे सगळं तिथूनच येतं. मग त्यावर आणखी त्रिफळा!

म्हणून उद्यापासून सकाळी सहाला गोळी आणि एक पेला पाणी. सातपर्यंत काही नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती गोळीनंतर किमान चार तासांनी, इसबगोल घेत असाल तर तोही. सहा ते आठ आठवडे हे नीट पाळून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. हा आकडा ठिकाणावर आल्याशिवाय गुग्गुळासारखं जोरकस औषध सुरू करू नका. आकडा बदलला तर गोळीचा डोस डॉक्टर बदलतील, तुम्ही नाही. कांचनार गुग्गुळ घ्या आणि थायरॉइडची गोळी सोडा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

त्रिफळा ठेवा, पण रात्री. जेवणानंतर दोन तासांनी, कोमट पाण्याबरोबर. पहिला आठवडा अर्धा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. सोसला तर सपाट एक चमचा, तीन ग्रॅम. सकाळी एकदा, फार तर दोनदा शौचाला व्हावं. तिसऱ्यांदा जावं लागलं तर मात्रा जास्त झाली. सहा आठवडे घेऊन दोन आठवडे थांबा. त्याने काय होईल? पोट साफ राहील, गच्चपणा जाईल, भुकेच्या वेळा ठरतील. चरबी त्रिफळा जाळत नाही. एवढी अपेक्षा ठेवली तर त्रिफळा कधी निराश करत नाही. लोहाची गोळी आणि त्रिफळा यांत दोन तास तरी ठेवा, कारण तुरट द्रव्यं लोहालाही धरून ठेवतात. पोट बिघडलेलं असताना आणि गरोदरपणात त्रिफळा नको.

घरी करायचा तर सोपा आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडा, बेहडा आणि आवळकाठी आणा. हिरडा-बेहडा फोडून आतली बी काढा आणि मग वजन करा. बहुतेकांचं इथेच चुकतं. बेहड्याची बी चांगलीच मोठी असते, अख्खं फळ तोलून दळलं की प्रमाण बिघडतं आणि चूर्णात लाकडाचा भुगा जास्त येतो. टरफलं कडकडीत उन्हात वाळवा, तिन्ही वेगवेगळी दळा, वस्त्रगाळ करा, मग समभाग मिसळा. आवळा जास्त घालायची कृतीही आहे, तीही चालते, पण सुरुवातीला समभागच बरा. शंभर-शंभर ग्रॅमच करा. तुमच्याकडे पावसाळ्यात दमटपणा असतो, चूर्ण ओल धरतं, गोळे होतात आणि बुरशी येते. काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा. गोळे झालेलं चूर्ण पुन्हा वाळवून वापरू नका.

मध-लिंबाचं बघू. ग्रंथात मध स्थौल्यावर खरंच सांगितला आहे, तोही जुना मध, पाण्यात कालवून. पण तापवलेला मध किंवा कढत पाण्यातला मध तिथेच निषिद्ध आहे, हे सांगणारा कुणी भेटत नाही. घ्यायचाच तर सकाळी सातनंतर, पिता येईल इतक्याच कोमट पाण्यात, एक छोटा चमचा. त्यात वीसेक कॅलरी असतात. लोक पोह्याच्या चमच्याने दोन-दोन चमचे ओततात आणि सव्वाशे कॅलरी पिऊन वजन उतरायची वाट बघतात. लिंबू चवीला छान, चरबीशी त्याचं काही देणंघेणं नाही. रोज घेत असाल तर नंतर चूळ भरा, आंबटाने दातांचं आवरण झिजतं.

आता नणंदबाईंचा मेदोहर गुग्गुळ. यात साधारणपणे नऊ द्रव्यं आणि गुग्गुळ, म्हणजे एका झुडपाची राळ, असते : सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, चित्रक, नागरमोथा, वावडिंग. याला नवक गुग्गुळही म्हणतात. कल्पना चांगली आहे, अग्नी वाढवायचा, पोट मोकळं ठेवायचं, आणि गुग्गुळाने मेदाचं लेखन, म्हणजे खरवडून काढणं. पण हे औषध आहे, हे विसरू नका. नेहमीची मात्रा अर्धा ते एक ग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर. ‘दोन-दोन गोळ्या’ या सांगण्याला अर्थ नाही, कारण एका कंपनीची गोळी अडीचशे मिलिग्रॅमची असते आणि दुसरीची पाचशेची. डबी बघून ग्रॅममध्ये हिशेब करा.

गुग्गुळाने काय होऊ शकतं ते आधी माहीत असू द्या. अंगावर पुरळ, खाज, आंबट ढेकर, पातळ शौच, डोकेदुखी. पाळी जास्त जाणाऱ्या बायकांना आणखी जास्त जाऊ शकते, आणि चाळिशीनंतर हा प्रश्न बऱ्याच जणींना असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नको. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम, यांचा परिणाम गुग्गुळ कमी करतो. उलट त्यातल्या मिरी-पिंपळीमुळे काही औषधं रक्तात जास्त चढतात. थायरॉइडवरही गुग्गुळाचा परिणाम होत असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे, म्हणूनच टीएसएच आधी म्हटलं. कोलेस्टेरॉलसाठी म्हणाल, तर २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं वाढलं, आणि काहींना पुरळ उठलं. तिथे दिला तो नुसता अर्क होता, आपलं शोधित, म्हणजे शुद्ध केलेल्या, गुग्गुळाचं औषध नव्हे, हा फरक खरा. तरीही ‘गुग्गुळ म्हणजे चरबी वितळणार’ असं छातीठोक सांगायला हातात फारसं काही नाही.

कच्चा गुग्गुळ आणून घरी गोळ्या वळायच्या भानगडीत पडू नका. राळेत साल, वाळू, माती असते. त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून, गाळून त्याचं शोधन करावं लागतं, नाहीतर पोटात आग आणि अंगावर पित्त. शिवाय गुग्गुळाचं झुडूप आता नामशेष होण्याच्या कडेला आहे, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात राळेसाठी चिरे घालून घालून ते मारलं गेलं. त्यामुळे अस्सल माल महाग आणि भेसळ भरपूर.

तेव्हा गुग्गुळ घ्यायचाच तर टीएसएच ठीक आल्यावर, नोंदणीकृत वैद्यांना नाडी-जीभ-पोट दाखवून, आणि यकृताची रक्ततपासणी आधी एकदा करून. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, नसेल तर विचारा. वैद्यांना थायरॉइडची गोळी सांगा आणि थायरॉइडच्या डॉक्टरांना गुग्गुळ सांगा. बहुतेक गोंधळ या दोघांपासून एकमेकांचं लपवल्याने होतात.

डबी घेताना मागची बाजू वाचा. आयुर्वेदिक औषध असं लिहिलेलं हवं, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, मुदत, आणि प्रत्येक गोळीत कोणतं द्रव्य किती मिलिग्रॅम. ‘पंचवीस दुर्मिळ जडीबुटींचा अर्क’ एवढंच लिहिलेलं असेल तर दुकानातच ठेवा. नुसता खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक असेल, तर ती वस्तू औषध म्हणून तपासलेली नाही. घटकांत पारद, हिंगूळ, कज्जली (तिन्हींत पारा असतो), कुठलंही भस्म किंवा ‘रस’ दिसलं तर वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय नको. आरोग्यवर्धिनी वटी हे याचं उत्तम उदाहरण. चरबीसाठी, फॅटी लिव्हरसाठी कुणीही कुणालाही सुचवतो, आणि तिच्यात कुटकीबरोबर पारा आणि तांब्याचं भस्मही असतं हे सुचवणाऱ्याला ठाऊक नसतं. २००८ च्या एका अमेरिकी पाहणीत ऑनलाइन विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी जवळपास पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आता खरं काम. चरकसंहितेत स्थूल माणसाची चिकित्सा सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. औषधांची यादी तिथे आहेच, पण उपचाराचं सूत्र अन्नाचं आहे : पचायला जड, पण पोषण कमी असं अन्न. म्हणजे पोटात बराच वेळ टिकेल, भूक भागेल आणि अंगावर चढणार नाही. जव, मूग, कुळीथ, पडवळ, आवळा ही नावं त्यात आहेत. व्यायाम आणि जागरण वाढवायला सांगितलंय तेही क्रमाक्रमाने. एका रात्रीत काही करा असं तिथे कुठेही नाही. (जागरण दिवसा लोळत पडणाऱ्याला सांगितलंय. पहाटे उठून डबे भरणाऱ्या बाईने सात तास झोप घ्यावी.)

तुमच्या स्वयंपाकघरात हे असं बसेल. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा जवाचं पीठ मिसळा. त्याहून जास्त घातलं तर भाकरी थापताना चिरा पडतात, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून चांगलं मळा. दुपारी दीड भाकरी, दोन वाट्या भाजी, एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ. आधी कोशिंबीर आणि डाळ संपवा, मग भाकरीला हात लावा. आठवड्यातून तीनदा रात्री कुळथाचं कढण आणि भाजी. चौघांसाठी मूठभरच नव्हे, दीडशे ग्रॅम कुळीथ रात्रभर भिजवा, पाणी बदलून कुकरला सहा-सात शिट्ट्या, पाणी गाळून त्यात लसूण, जिरं, दोन आमसुलं. उरलेल्या दाण्यांची उसळ करा, टाकू नका, प्रथिनं तिथेच आहेत. आम्लपित्त असेल तर कुळथाऐवजी मूग.

जेवणानंतर ताक. एक वाटी दही, चार वाट्या पाणी, चांगलं घुसळून वर आलेलं लोणी काढून घ्यायचं, मग चिमूटभर सुंठ आणि भाजलेलं जिरं. लोण्यासकटचं दाट ताक पिऊन ताकाचा गुण मागू नये.

आमसुलाचं पाणीही चांगलं. चार-पाच आमसुलं पेलाभर पाण्यात दोन तास भिजवा, कुस्करा, गाळा, जिरं घाला, साखर नाही. बाटलीतला कोकम सरबताचा पाक मात्र मुळात साखर आहे. आणि गार्सिनियाच्या कॅप्सूल म्हणजे कोकमच की, असं समजून घेऊ नका. ते कोकमाच्या भावकीतलं केरळकडचं फळ, कॅप्सूलमध्ये त्याचा तीव्र अर्क असतो, आणि तो घेणाऱ्यांत यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

तुमचं तेल. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर, चौघांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम. तीन लिटरवर आणलंत तर माणशी १५ ग्रॅम कमी, म्हणजे रोज १३५ कॅलरी. महिन्याला माणशी अर्धा किलो चरबीचा हिशेब एवढ्यातच होतो, घरातल्या सगळ्यांचा. एक तारखेला तीन लिटर वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि फोडणी चमच्याने मोजून घाला. तुमच्याकडे मटणाच्या रश्श्यावर आणि मिसळीवर तांबडा कट तरंगला नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, हे मान्य. शिजल्यावर वरचा निम्मा काढून ठेवा. चहाच्या चार कपांतली आठ चमचे साखर म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी. एकदम बंद केलात तर चौथ्या दिवशी परत सुरू कराल. आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा आणि चौथा कप सोडा. उपासाला साबुदाण्याऐवजी वरी, आणि शेंगदाण्याचं कूट दोन चमचेच.

रोज अर्धा तास चालणं, पंधरा मिनिटांपासून सुरू करून. आठवड्यातून तीनदा खुर्चीवर बसून-उठून दहा-दहाच्या दोन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. कुळीथ-पिठाचं उद्वर्तन, म्हणजे ते पीठ अंगाला चोळणं, करायला हरकत नाही, त्वचा छान होते, अंग हलकं वाटतं, काट्यावर फरक पडत नाही.

तीन महिन्यांत दहा किलोचा नाद सोडा. चार ते पाच किलो धरा. ७८ चे पाच टक्के म्हणजे जवळपास चार किलो, आणि एवढ्याने साखर, रक्तदाब, गुडघे यांवर फरक दिसायला लागतो. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत यायचं असतं. काटा हलला नाही आणि कंबर दोन सेंटिमीटर उतरली, तर काम बरोबर चाललंय.

कोणतंही औषध चालू असताना डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, सतत मळमळ, यातलं काहीही दिसलं तर सगळी चूर्णं-गोळ्या त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा. थायरॉइडची गोळी तेवढी चालू ठेवायची.

मुलीचं विचारलंत. तिला यातलं काहीही नको, त्रिफळासुद्धा पोट साफ होत नसेल तरच आणि वैद्यांना विचारून. सतराव्या वर्षी हाडं अजून भरत असतात, उपाशी राहण्याचं खूळ डोक्यात शिरायचंही हेच वय. तिच्या डब्यात उसळ आणि अंडं किंवा पनीर वाढवा, बाटलीतली थंड पेयं घरात आणू नका. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस, फार मुरुमं किंवा मानेची कातडी काळवंडलेली असेल, तर वजनाच्या औषधाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या घरात थायरॉइड आहे, तेव्हा तिचाही टीएसएच तुमच्याबरोबरच करून घ्या.